उलांग चहाचा कागद

चांगुणाबाईंना चहात साखर कमी घाला असं सांगायची शेवगावात कोणाची छाती नव्हती. डॉक्टरांनी एकदा सांगून पाहिलं. वजन ब्याऐंशी किलो, रक्तदाब चढलेला, गुडघ्यांनी तर कधीच हात टेकलेले. डॉक्टर म्हणाले, "आजी, दिवसाला आठ-आठ कप चहा, तोही असा पाकासारखा, कसं चालेल?" तर चांगुणाबाईंनी पदर सावरत उत्तर दिलं, "डाक्टरसाहेब, ल्हानपनी बापाबरूबर हाटेलात गेले तर आमची बशी येगळी टांगलेली असायची. वरून वतायचे चहा, त्यो बी तळाचा, काळा. तवाच म्हनलं हुतं, माझ्या घरात माझी चूल झाली की साखर हाताला यील तेवढी घालीन. आता ती झाली, तर तुमी नगं म्हनता व्हय?"

डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी लिहून दिली. बरोबर गेलेल्या रश्मीने ती चिठ्ठी पिशवीत ठेवली.

रश्मी त्यांची सून. नगरची, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. नवरा महेंद्र पंचायत समितीत कारकून. चांगुणाबाईंनी लोकांच्या शेतात खुरपून, रस्त्याच्या कामावर खडी फोडून त्याला शिकवलं होतं आणि सून आणायची ती शिकलेलीच, असा हट्ट धरला होता. स्वतःला अक्षर येत नव्हतं, म्हणून घरात येणारा प्रत्येक कागद, विजेच्या बिलापासून लग्नपत्रिकेपर्यंत, आधी रश्मीच्या हातात जायचा. ती वाचायची आणि चांगुणाबाई डोळे मिटून ऐकायच्या. शेजारणींना सांगायच्या, "आमची रश्मी विंग्रजी असं वाचती, जसं कुनी जात्यावर गानं म्हनतंय."

रश्मीला सासूची काळजी होती, आणि ती वरवरची नव्हती. तिची स्वतःची आई रक्तदाबापायी गेली होती. एका सकाळी भाकरी थापता थापता उजवी बाजू लुळी पडली आणि पुढची दोन वर्षं आईला घास भरवण्यात गेली. पुन्हा तसं अंथरूण या घरात पडू नये, एवढंच तिला वाटायचं. पण सांगायचं कसं? सून सासूच्या साखरेला हात घालते म्हटल्यावर गल्लीत काय बोललं जाईल, हेही तिला ठाऊक होतं.

सत्त्याण्णवच्या थंडीत महेंद्र नगरला धम्म परिषदेला गेला. तिथे तैवानहून काही भिक्खुणी आल्या होत्या. महेंद्र तीन दिवस त्यांच्या चहापाण्याची, गाडीची व्यवस्था बघत होता. जाताना त्यांतल्या एका म्हाताऱ्या भिक्खुणीने त्याच्या हातात एक उंच, हिरवा पत्र्याचा डबा ठेवला. आत चहा होता, पण आपल्या चहासारखी भुकटी नव्हे. मुरगळून गोळी केलेली काळपट हिरवी पानं. गरम पाणी ओतलं की एकेक गोळी उलगडून आख्खं पान व्हायचं. डब्यात एक घडी घातलेला कागद होता, एका बाजूला चिनी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी.

"वाच की गं, काय म्हनतोय कागद," चांगुणाबाई म्हणाल्या. भिक्खुणीने दिलेली वस्तू म्हणून त्यांनी डबा आधी कपाळाला लावला होता.

रश्मीने मनातल्या मनात वाचून काढलं. या चहाला ऊलाँग म्हणतात. हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधला. जेवणानंतर घेतला तर तेलकट अन्न पचायला सोपं जातं, अंग हलकं वाटतं. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी पुष्कळ लोक तो घेतात. दूध-साखर न घालता घ्यावा. तीच पानं तीन-चार वेळा वापरता येतात. आणि अगदी खाली, बारीक अक्षरात: हे औषध नाही. आपण काही औषध घेत असाल तर ते बंद करू नये, डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

एवढंच होतं. पण दूध-साखर न घालता, या शब्दांवर रश्मीची नजर अडकली. जे डॉक्टरांना जमलं नाही ते या कागदाला जमेल, असं तिच्या मनात आलं आणि ती मोठ्याने वाचायला लागली.

"याला उलांग चहा म्हणतात, आत्या. तिकडचे भंते हाच पिऊन ध्यानाला बसतात. याच्यात साखरेचा कण जरी पडला तरी याचा गुण जातो. हा घेणाऱ्यानं दुसरा चहा तोंडाला लावायचा नाही. पहाटे उठून अर्धा तास चालायचं, मग घ्यायचा. रात्री जड खायचं नाही. तीन महिन्यांत अंगावरची चरबी उतरते, गुडघे मोकळे होतात, रक्त साफ होतं."

वाचता वाचता तिला स्वतःचंच नवल वाटलं, इतकं सगळं तिच्या तोंडून सहज निघत होतं. खालच्या ओळीपाशी ती थांबली. 'हे औषध नाही' म्हटलं असतं तर चांगुणाबाईंनी डबा फळीवर ठेवून साखरेचा डबा खाली काढला असता. रश्मीने कागदाची घडी घातली.

"समदं लिवलंय त्यात?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"हो, आत्या."

"मंग उद्यापास्नं."

आणि खरोखर दुसऱ्या दिवसापासून त्या बदलल्या. पहाटे डोक्याला मफलर गुंडाळून पाथर्डीच्या रस्त्याने चालत निघायच्या. पहिल्या आठवड्यात डोकं दुखलं, चिडचिड झाली, साखरेच्या डब्याकडे बघून दोनदा डोळ्यांत पाणी आलं. पण कागदात लिहिलं आहे म्हटल्यावर त्या मागे सरल्या नाहीत. त्यांची रक्तदाबाची गोळी महेंद्र रोज सकाळी स्वतः हातावर ठेवायचा, ती चालूच राहिली. दोन महिन्यांत सात किलो वजन उतरलं. ढगळ झालेल्या चोळ्या रश्मीने आतून टाके घालून आवळल्या. डॉक्टर म्हणाले, "आजी, जादू केलीत!" चांगुणाबाईंनी सुनेकडे बोट दाखवलं. "हिनं वाचून दावलं, मी ऐकलं."

त्या दिवशी रश्मीला फार बरं वाटलं होतं. पुढे त्या बरं वाटण्याचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटली.

कडूबाई ही चांगुणाबाईंची मैत्रीण. मळ्यातली, शेतकऱ्याच्या घरची. एरवी दोघींच्या वस्त्या वेगळ्या, पाणवठे वेगळे. पण बाहत्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर दोघी एका ढिगाऱ्यावर बसून खडी फोडत होत्या, एका फडक्यातली भाकरी खात होत्या. तेव्हापासून कडूबाई या घरात येऊन चहा पिऊन जायची, आणि कोणी काही बोललंच तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. तिला मधुमेह होता. शुगरच्या गोळ्या चालू होत्या आणि त्या गोळ्यांचा तिला मनापासून राग होता. "पोटात आग पडती," म्हणायची.

एका दुपारी ती आली. चांगुणाबाईंना उठताना गुडघ्यावर हात ठेवावा लागला नाही, हे तिने बघितलं आणि म्हणाली, "चांगुने, मला बी दे की ह्यो तुजा भंत्यांचा चहा."

चांगुणाबाईंनी लगेच दोन मुठी पानं कागदात बांधली. "रक्त साफ हुतंय ह्यानं. कागदात हाय. रश्मे, दाव तिला."

रश्मीने कागद आणला. कडूबाईने तो उलटसुलट केला, चिनी अक्षरांवरून बोट फिरवलं आणि रश्मीकडे परत दिला.

"पोरी, मला शुगर हाय. मला चालंल का, बघ."

"चालेल, मावशी. साखर नसतेच यात."

"आन् गोळ्यांचं काय लिवलंय? गोळ्या खायच्या का सोडायच्या?"

रश्मीने कागदाकडे बघितलं. ती ओळ तिथेच होती, बारीक पण स्वच्छ. चांगुणाबाई समोर बसल्या होत्या, सुनेच्या वाचण्याचा अभिमान तोंडावर मावत नव्हता. ही ओळ आज वाचली तर त्या विचारतील, मागं का नाही वाचली? मग बाकीचंही निघेल. पहाटेचं चालणं, भंत्यांचं ध्यान, सगळं. आणि गोळ्या कोण कशाला सोडेल, असंही तिला वाटलं.

"गोळ्यांचं काही लिहिलेलं नाही, मावशी," ती म्हणाली.

कडूबाईने मान डोलावली, पुडी कमरेला खोचली आणि गेली.

त्या रात्री रश्मीला जरा चुटपुट लागली. उद्या मळ्यात जाऊन सांगून येऊ, असं तिने ठरवलं. उद्या महेंद्रचे साहेब जेवायला आले. परवा पाणी आलं नाही. मग ते मागेच पडलं.

चैत्रात बातमी आली. कडूबाईच्या पायात बाभळीचा काटा गेला होता. तो काढला, पण जखम भरेना, वाहायला लागली, अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलं. मुलाने टेम्पोत घालून नगरला नेलं. तिथे दोन बोटं कापावी लागली. चांगुणाबाई एसटीने भेटून आल्या. आल्या त्या ओट्यावरच बसल्या, चप्पलही काढली नाही.

"रगातात साखर चारशेच्या वर निघाली म्हनं," त्या म्हणाल्या. "दोन महिने झाले, गोळ्या सोडल्या हुत्या तिनं. डाक्टर लई वरडला. ती म्हनली, चहा घेत हुते, कागदात गोळ्यांचं काय न्हवतं." मग म्हणाल्या, "मीच दिला गं तिला. माझ्या हातानं पुडी बांधली."

रश्मी आत गेली. गॅस पेटवायचा म्हणून गेली आणि काडी हातात धरून तशीच उभी राहिली.

रात्री जेवणं झाल्यावर तिने महेंद्रला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग समजावणीच्या सुरात म्हणाला, "गोळ्या सोडा असं तू म्हणालीस का? नाही ना? मग? आता सांगून तिची बोटं परत येणार आहेत? उलट आईचं मन मोडेल. तिला या वयात कळू दे की सुनेनं आपल्याला फसवलं, हे तुला हवंय का?"

बोलणं सगळं सरळ होतं, आणि रश्मीला ते पटावंसंही वाटत होतं. आठ दिवस तिने ते पटवून घ्यायचा प्रयत्न केला. पण त्या आठ दिवसांत चांगुणाबाई पहाटे चालायला गेल्या नाहीत. भाकरीचा चतकोर तुकडा मोडून उठायच्या. चहाच सोडला, तोही आणि हाही. भिंतीला टेकून बसायच्या आणि मध्येच म्हणायच्या, "दुष्काळात माझ्या वाटची पाटी तिनं उचलली हुती. महिंदर पोटात हुता तवा. आन् मी तिला पांगळी केली." रश्मी तिथेच धुणं घडी करत असायची. न केलेलं पाप सासू उघड्यावर भोगत होती आणि जिने केलं ती शेजारी बसून चादरीची टोकं जुळवत होती.

नवव्या दिवशी महेंद्र कचेरीत गेल्यावर ती कागद घेऊन सासूपुढे बसली.

"आत्या, मी एक ओळ वाचली नव्हती."

चांगुणाबाईंनी वर बघितलं.

रश्मीने ती ओळ वाचली. इंग्रजीत, मग मराठीत. हे औषध नाही. औषध घेत असाल तर ते बंद करू नये.

"परत वाच."

तिने परत वाचली.

"आता पयल्यापास्नं वाच. हाय तेवढंच."

रश्मीने वाचलं. वाचून व्हायला पाऊण मिनिट लागलं नाही. चांगुणाबाई वाट बघत राहिल्या, अजून काही येईल म्हणून.

"भंते ध्यानाला बसत्यात, ते?"

"ते नाही यात."

"पहाटं चालायचं?"

"ते मी घातलं. तुम्ही डॉक्टरांचं ऐकत नव्हता, म्हणून. माझ्या आईसारखं..."

"मंग मी बारीक झाले ती कशानं?"

"चाललात म्हणून. साखर सोडलीत म्हणून. थोडं चहानंही झालं असेल, तसं लिहिलंय त्यात. पण थोडं."

चांगुणाबाईंनी तिच्या हातातून कागद घेतला आणि त्याची घडी घातली. रश्मीला वाटलं, आता ओरडतील, हाकलून देतील, माहेरचा उद्धार करतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"तुज्या तोंडानं खोटं बोलली असतीस ना रश्मे, तर मी म्हनले असते, सून हाय, सासूला फसीवती, जगाची रीत हाय," त्या म्हणाल्या. "पर तू कागदाच्या तोंडानं बोललीस. आमाला कुठं वाचता येतंय? आमाला कागद म्हंजी खरं. तेवढ्यासाठी तर पोराला शिकीवलं, तेवढ्यासाठी तुला आनली." मग भिंतीला हात लावून उठल्या. "चप्पल घाल. मळ्यात जायचं."

कडूबाई ओसरीवर खाटेवर बसली होती. पाय उशीवर, त्याला मोठं बँडेज. रश्मीने उभ्यानेच सगळं सांगितलं. ठरवलं होतं की रडायचं नाही, पण अर्ध्यातच रडू आलं, आणि त्या रडण्याचाही तिला राग आला. कारण कडूबाईच "बस, बस, पानी पी" म्हणायला लागली.

सगळं ऐकल्यावर मात्र कडूबाईचा चेहरा बदलला.

"मी इचारलं हुतं की तुला," ती म्हणाली. "गोळ्यांचं काय लिवलंय, आसं नीट इचारलं हुतं."

"हो, मावशी."

"मला वाचता येत न्हाई, म्हनून तर इचारलं."

चांगुणाबाईंनी सुनेची बाजू घेतली नाही, तिला दोषही दिला नाही. खाटेच्या पायथ्याशी जाऊन बसल्या आणि बँडेजच्या वर, पोटरीवरून हात फिरवत राहिल्या.

घरी परतताना त्यांनी एकच गोष्ट सांगितली. "विहारात मी दहा बायांपुढं ह्या चहाचं गुनगान केलंय. पुनवेला तू सांगायचं. मी न्हाई सांगनार."

पौर्णिमेला वंदना झाल्यावर रश्मी उभी राहिली. समोर सतरंजीवर पांढऱ्या लुगड्यांतल्या बायका, मागे पुरुष, त्यांच्यात महेंद्र मान खाली घालून. मुसावादा वेरमणी, खोटं बोलणार नाही, हे शब्द तिने पाच मिनिटांपूर्वीच सगळ्यांबरोबर म्हटले होते. तिने कागदात काय होतं ते सांगितलं, काय नव्हतं ते सांगितलं, आणि कडूबाईची बोटं कशी गेली ते सांगितलं. पुढे बसलेल्या राहीबाईने तेवढ्यात सरळपणे विचारलं, "मंग बाई, त्यो चहा प्यावा का न्हाई? मला बी वजन उतरवायचं हाय."

कोणीतरी हसलं. रश्मीला हसू आलं नाही.

"प्यायला हरकत नाही," ती म्हणाली. "जेवणानंतर घेतला तर पोट हलकं राहतं. साखर नसते, म्हणून वजनाला बरा. पण खाणं तेच ठेवून, बसून राहून नुसत्या चहानं कोणी बारीक होत नाही. आणि डॉक्टरांची गोळी त्यांना विचारल्याशिवाय सोडायची नाही. कोणीही सांगितलं तरी. मी सांगितलं तरी."

त्यानंतर कोणी तिला टाकून बोललं नाही. पण घरात एक गोष्ट बदलली. महेंद्र संध्याकाळी आला की चांगुणाबाई दिवसभराचे कागद त्याच्यापुढे ठेवायच्या. दुपारी आलेलं पत्रही उशीखाली त्याची वाट बघत राहायचं. रश्मीशी त्या बोलायच्या, तिच्या हातचं जेवायच्या, ती आजारी पडली तेव्हा रात्रभर पाय चेपत बसल्या. फक्त कागद देत नसत. रश्मीनेही कधी मागितला नाही.

ती रोज सकाळी मळ्यात जायला लागली, कडूबाईचं ड्रेसिंग करायला. पहिल्या दिवशी कडूबाई म्हणाली, "सून करती माझी." रश्मी म्हणाली, "ती खुरपायला जाते ना, मावशी." कडूबाईने पाय पुढे केला. पहिले काही दिवस जखम बघताना रश्मीला भोवळ यायची. दोन बोटं होती तिथे लालभडक खाच होती. मिठाच्या पाण्याने पुसताना कडूबाई दात आवळायची, पण तोंडातून आवाज काढायची नाही. कधी बोलायची, कधी नाही. समोरच्या डब्यातली शुगरची गोळी घ्यायची आणि रश्मीला दाखवून गिळायची. ते मुद्दाम दाखवणं होतं की सवय, हे रश्मीला शेवटपर्यंत कळलं नाही.

पावसाळा सरता सरता जखम भरली. कडूबाई लंगडत का होईना, चालायला लागली. एका बाजाराच्या दिवशी म्हणाली, "चल, मला भाजी घ्यायचीय. हाताला धर." दोघी आठवडे बाजारात गेल्या. गर्दीत कडूबाईचा हात रश्मीच्या दंडावर होता, घट्ट. भाजीवाली ओळखीची होती. तिने पायाकडे बघून तोंडावर हात ठेवला.

"अगं बया, कडूबाई! काय झालं ह्ये?"

"काटा लागला," कडूबाई म्हणाली.

"काट्यानं बोटं जात्यात व्हय?"

रश्मीने तोंड उघडलं. "माझ्यामुळं..."

"तू गप," कडूबाईने तिच्या दंडाला चिमटा काढला. "पाय माझा हाय. त्याला काय झालं ते मी सांगन." आणि भाजीवालीकडे वळून म्हणाली, "मेथी कशी दिली? कालची दिसती. ताजी काढ खालची."

भाजीवाली पाटीखालून जुड्या काढायला लागली. रश्मी पिशवी उघडून उभी राहिली. डोळे पुसायला तिला हात मोकळा नव्हता.